मढ्यावरचे कापड आणि घानाचा समुद्र

आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात दर महिन्या-दोन महिन्यांनी एक प्लास्टिकची पिशवी येऊन पडते. जुने कपडे त्यात भरून अमुक दिवशी बाहेर ठेवावेत, ते गरजूंच्या कामी येतील, असे तिच्यावर छापलेले असते. आपण ती भरतो. मुलांच्या आखूड झालेल्या पँटी, विटलेले टी-शर्ट, एकदाच वापरलेले स्वस्तातले जॅकेट. पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवताना दान केल्याचे एक लहानसे समाधानही मनाला लाभते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना, ज्यांच्या आजी-आजोबांनी उतरलेले कपडे घेऊन दिवस काढले, हे समाधान थोडे अधिकच गोड वाटते. आपण आता घेणारे नाही, देणारे आहोत.

ही पिशवी पुढे कुठे जाते, याचा शोध घेण्याचे आम्ही ठरवले तेव्हा घानाच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन पोहोचू, अशी कल्पना नव्हती. जमा झालेल्या कपड्यांपैकी धर्मादाय दुकानांत विकला जातो तो थोडा भाग. उरलेला बराचसा माल व्यापाऱ्यांना वजनावर विकला जातो, दाबून त्याच्या गासड्या बांधल्या जातात आणि त्या जहाजाने परदेशी रवाना होतात. ब्रिटनमधून जाणाऱ्या या गासड्यांचे एक प्रमुख ठिकाण म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील घाना, आणि त्या देशाची राजधानी आक्रा येथील कांतामांतो बाजार. सुमारे तीस हजार माणसांचे पोट ज्यावर चालते, असा हा जुन्या कपड्यांचा जगातील एक सर्वांत मोठा बाजार आहे.

तेथील आकान भाषेत या कपड्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात. ओब्रोनी म्हणजे गोरा, परका माणूस. वावू म्हणजे मेला आहे. मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. पहिल्यांदा असले धडधाकट कपडे गाठोड्यांनी येऊ लागले तेव्हा लोकांना वाटले, जिवंत माणूस इतके चांगले कपडे कशाला टाकील? मालक मेलाच असणार.

हा शब्द वाचला आणि आम्ही थबकलो. चांडाळाने मृताची वस्त्रे नेसावीत, असा आदेश मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. आपल्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महाराचा हक्क म्हणून गणला जाई. हक्क म्हणायचे आणि विटाळ द्यायचा, ही त्या व्यवस्थेची खास रीत. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते याच रीतीचे. त्याच दहनाचे वारस आम्ही, आणि आमच्या दारातून निघालेली पिशवी हजारो मैलांवरच्या एका किनाऱ्यावर मढ्यावरचे कापड म्हणून उतरते आहे.

तुलना ताणू नये, हे आम्हांस कळते. कांतामांतोचा व्यापारी कुणाचा बलुतेदार नाही. तो स्वतःच्या पैशाने गासडी विकत घेतो, पुष्कळदा कर्ज काढून घेतो. मात्र गासडी न उघडता घ्यावी लागते. आत काय निघेल, हा जुगार. वरचे चार कपडे उत्तम आणि खाली फाटके, डागाळलेले, थंड देशांचे जाड कोट, असेही घडते. घानामध्ये कपड्यांच्या कचऱ्यावर काम करणाऱ्या ‘द ऑर फाउंडेशन’ या संस्थेचा अंदाज असा की, कांतामांतोत दर आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे येतात आणि त्यांपैकी शेकडा चाळीसच्या आसपास कपड्यांचा शेवटी कचरा होतो. जुन्या कपड्यांच्या आयातदारांच्या संघटनेला हा आकडा मान्य नाही. त्यांच्या मते प्रमाण याहून फार कमी आहे. आकड्यांचा वाद चालू राहील. किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या कपड्यांच्या लडी मात्र कुणालाही दिसतात.

त्या गासड्या बाजारात वाहून कोण आणते? बहुतांशी उत्तर घानातून पोटासाठी आलेल्या तरुण मुली. त्यांना ‘कायायेई’ म्हणतात. पन्नास-पंचावन्न किलोची गासडी डोईवर घेऊन अरुंद बोळांतून त्या चालतात. पाठीला कधी तान्हे मूलही असते. मानेचे मणके झिजतात. रात्री ओल्ड फदामा नावाच्या झोपडवस्तीत, पाचदहा जणींत एक खोली भाड्याने घेऊन झोपतात. ज्यांच्या आईने मुंबईच्या गोदीत किंवा बांधकामावर पाट्या वाहिल्या, अशा आमच्या वाचकांना अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

ओल्ड फदामा ही वस्ती कोर्ले नावाच्या खाजण सरोवराच्या काठी आहे. आक्रा शहराच्या मधून ओडाव नदी वाहते, ती याच कोर्लेत येऊन मिळते आणि कोर्लेचे तोंड समुद्रात उघडते. गा जमातीचे लोक या सरोवराला पवित्र मानत आले. एके काळी येथे मासे धरले जात. आज त्याचे पाणी काळे आहे. शहराची गटारे, कारखान्यांचे सांडपाणी आणि शेजारच्या आगबोगब्लोशी येथील भंगारबाजारात वर्षानुवर्षे जाळलेल्या विजेच्या तारांची राख, हे सर्व त्यात उतरले. तो भंगारबाजार सरकारने 2021 च्या जुलैमध्ये बुलडोझर लावून हटवला. धातू काढण्याचे काम करणारे लोक आसपासच्या वस्त्यांत पांगले. पाणी होते तसेच राहिले.

कांतामांतोतला न खपलेला कपडा महापालिका उचलते त्याहून अधिक निघतो. शहराजवळच्या क्पोने येथील कचराभूमीत 2019 साली भडकलेली आग कित्येक महिने धुमसत राहिली. त्या कचऱ्यात जुन्या कपड्यांचा भाग मोठा होता. जो कपडा कचराभूमीपर्यंतही पोहोचत नाही तो गटारात पडतो. एप्रिल ते जूनच्या पावसात गटारे तुंबतात, वस्त्यांत पूर येतो आणि मग तो लोंढा ओडावमधून कोर्लेत, कोर्लेतून गिनीच्या आखातात जातो. पाण्यात कपडे एकमेकांना गुंतून दोरखंडासारख्या लांब लडी तयार होतात. काही तळाशी बसतात, काही लाटांबरोबर पुन्हा किनाऱ्यावर येतात. जेम्सटाऊनच्या किनाऱ्यावर जाळे ओढणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरोबर पँटी आणि सदरे येतात. जाळे फाटते, होडीच्या यंत्राचा पंखा अडकतो. सुती कपडा काही काळाने कुजून जातो. पॉलिएस्टर कुजत नाही. तो प्लास्टिकच आहे, त्याचे सूक्ष्म धागे होत जातात आणि ते माशांच्या पोटात शिरतात.

आता या समुद्राविषयी. घानाला सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा किनारा लाभला आहे आणि निसर्गाने त्याला एक मोठे देणे दिले आहे. दरवर्षी जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास, आणि पुन्हा थोड्या प्रमाणात वर्षारंभी, समुद्राच्या खोल थरातील थंड पाणी वर येते. त्याबरोबर तळाची पोषणद्रव्ये वर येतात, सूर्यप्रकाशात सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांच्यावर जगणाऱ्या लहान माशांचे थवे किनाऱ्याजवळ येतात. सार्डिनेला, अँकोव्ही, मॅकरेल ही त्यांची नावे. आपल्या कोकणातल्या तारली, मांदेली, बांगड्यांचे हे आप्तच. घानाचे लोक त्यांना ‘जनतेचा मासा’ म्हणतात. तेथील आहारातील प्राणिज प्रथिनांचा निम्म्याहून अधिक वाटा माशांचा आहे आणि गरिबाच्या ताटातला मासा म्हणजे हा लहान, धुरावर वाळवलेला, बाजारात वाट्याने मिळणारा मासा.

वावा नावाच्या झाडाच्या एकाच खोडातून कोरलेल्या लांब, रंगीबेरंगी होड्यांतून पुरुष समुद्रात जातात. मंगळवारी कुणी जात नाही. तो समुद्राचा विसाव्याचा दिवस, असा बहुतेक किनाऱ्यावर जुना दंडक आहे. हा देवभोळेपणा म्हणून आम्ही उडवून लावणार होतो. पण आठवड्यातून एक दिवस माशांना निर्धास्त ठेवणारी ही रीत सरकारी बंदीच्या काळापेक्षा अधिक पाळली जाते, हे पाहिल्यावर आम्ही हात आवरला.

मासा किनाऱ्याला लागला की तो बायकांचा. होडीच्या इंधनाला पैसे आधी त्याच देतात, मासा त्याच घेतात, धुरावर त्याच भाजतात आणि दूर उत्तरेच्या बाजारांपर्यंत त्याच पोहोचवतात. प्रत्येक बंदरावर ‘कोंकोहेमा’ नावाची त्यांची प्रमुख असते, आणि दिवसाचा भाव ठरवण्यात तिचा शब्द चालतो. आक्र्याच्या चोर्कोर वस्तीत तेथील बायकांना बरोबर घेऊन तयार झालेली माती-विटांची धुरी-भट्टी ‘चोर्कोर’ याच नावाने आज आफ्रिकेतील अनेक देशांत वापरली जाते. मासा नाहीसा होतो म्हणजे या सर्व बायकांचे भांडवल नाहीसे होते. वीस लाखांहून अधिक लोकांचे जगणे या व्यवसायावर अवलंबून आहे.

आणि मासा नाहीसा होत आहे. 1990 च्या दशकात या लहान माशांची वार्षिक पकड लाखो टनांत मोजली जाई. वीस वर्षांत ती हजारांवर आली.

याची कारणे एकाहून अधिक आहेत, पण एका शब्दाने घानाचा किनारा आजही पेटून उठतो: सायको. याची सुरुवात निरुपद्रवी होती. खोल समुद्रातील ट्रॉलरांच्या जाळ्यात नको असलेला किरकोळ मासा येई. होडीवाले फळे, कोंबड्या-बकऱ्या घेऊन ट्रॉलरपाशी जात आणि बदल्यात तो मासा आणीत. पुढे या अदलाबदलीचा धंदा झाला. ट्रॉलरांना परवाना समुद्रतळाचे मासे धरण्याचा. ते मुद्दाम होडीवाल्यांचा लहान मासा, त्यातही न वाढलेली पिल्ले ओढू लागले, जहाजावरच गोठवून त्यांच्या लाद्या करू लागले आणि भर समुद्रात खास बनवलेल्या होड्यांना विकू लागले. अशी एक होडी एका फेरीत जो माल आणी तो साध्या होडीच्या शेकडो फेऱ्यांइतका असे. घानाच्या कायद्याने हे निषिद्ध आहे. तरीही एन्व्हायर्नमेंटल जस्टिस फाउंडेशन आणि घानाची ‘हेन म्पोआनो’ (म्हणजे ‘आपला किनारा’) या संस्थांच्या अंदाजानुसार 2017 या एका वर्षात सुमारे एक लाख टन मासा या मार्गाने किनाऱ्यावर आला. ज्यांच्या समुद्रातून तो चोरला त्यांनाच तो बाजारात विकला.

ट्रॉलर बहुतांश चिनी मालकीचे आहेत. कायद्याप्रमाणे मालक घानाचा नागरिक हवा, म्हणून कागदावर स्थानिक कंपनीचे नाव असते. नाव एकाचे आणि नफा दुसऱ्याचा, हा प्रकार राखीव जागांवरील नामधारी उमेदवार पाहिलेल्या आम्हांस अपरिचित नाही. जहाजावर सरकारी निरीक्षक असावा असा नियम आहे आणि असा एक निरीक्षक 2019 च्या जुलैमध्ये ट्रॉलरवरून बेपत्ता झाला. युरोपीय संघाने बेकायदा मासेमारीबद्दल घानाला 2013 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये इशाऱ्याचे पिवळे कार्ड दाखवले. 2025 साली घानाने नवा मत्स्यव्यवसाय कायदा केला आणि लहान होड्यांसाठी राखून ठेवलेला किनाऱ्यालगतचा पट्टा सहा सागरी मैलांवरून बारा सागरी मैलांपर्यंत वाढवला. कागदावर ही मोठी मिळकत आहे. रात्रीच्या अंधारात बाराव्या मैलावर पहारा कोण देणार, हा प्रश्न मासेमारांच्या बैठकांत पहिल्यांदा विचारला जाईल.

सर्व दोष परक्यांवर ढकलणे सोपे आहे. होड्यांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली आहे. काही होडीवाले रात्री दिवे लावून मासे गोळा करतात, बारीक छिद्रांची जाळी टाकतात, सुरुंगाची दारू आणि रसायनेही वापरतात. मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा मासेमार पिल्ले मारू लागतो तो हौसेने नव्हे. मोठा मासा संपल्यावर तो तेथवर येतो.

सायकोचा माल जेथे मोठ्या प्रमाणावर उतरे ते एल्मिना हे बंदर इतिहासात वेगळ्याच व्यापारासाठी कुप्रसिद्ध आहे. 1482 मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला. पुढे याच किल्ल्याच्या तळघरांतून माणसे जहाजांवर चढवली गेली. गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना बाबासाहेबांनी आपल्या लेखनात बारकाईने केली आहे. 1946 साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडल्या गेलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तरही आले. तेच ड्यू बॉइस आयुष्याच्या अखेरीस एन्क्रूमा यांच्या निमंत्रणावरून घानात राहायला गेले आणि 27 ऑगस्ट 1963 रोजी आक्रा येथे वारले. त्यांचे स्मारक त्याच शहरात आहे, जेथे आपल्या गासड्या उघडल्या जातात.

किनाऱ्याच्या पूर्व टोकाला केटा आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला विस्तीर्ण खाजण सरोवर आणि मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले हे गाव वर्षानुवर्षे समुद्राच्या पोटात जात आहे. डेन्मार्कच्या लोकांनी 1784 मध्ये बांधलेल्या प्रिन्झेनस्टाइन किल्ल्याचा मोठा भाग 1980 मध्ये लाटांनी नेला. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत समुद्र घरांत शिरला आणि हजारो माणसे बेघर झाली. फुवेमे हे शेजारचे गाव तर जवळजवळ नाहीसेच झाले. तापमानवाढीने समुद्राची पातळी वाढते आहे, हे खरे. बांधकामासाठी किनाऱ्यावरची वाळू चोरून उपसली जाते, हेही खरे. परंतु आणखी एक कारण नदीच्या वरच्या अंगाला आहे.

स्वतंत्र घानाचे स्वप्न म्हणून व्होल्टा नदीवर अकोसोंबो धरण उभे राहिले. काम 1961 मध्ये सुरू झाले, 1965 मध्ये पुरे झाले. सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचा जलाशय निर्माण झाला. सुमारे ऐंशी हजार माणसे उठवली गेली. विजेचा मोठा वाटा तेमा येथील अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याला गेला. आणि नदी जी वाळू समुद्राला आणून देई, ती धरणामागे अडकली. केटाचा किनारा त्यापूर्वीही झिजत होता, पण आता झीज भरून काढणारा पुरवठाच आटला. नदीच्या खालच्या भागात बायका बुडी मारून शिंपले काढीत. पाण्याचा प्रवाह बदलल्यावर तो व्यवसायही मोडकळीस आला.

धरण म्हटले की आमची मान आपोआप ताठ होते, हे येथे कबूल केले पाहिजे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, 1942 ते 1946 या काळात, बाबासाहेबांनी दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या योजनांचा पाया घातला. आमच्या जयंतीच्या भाषणांत त्याचा उल्लेख असतोच आणि असावा. त्यांची दृष्टी संपूर्ण खोऱ्याची होती, पूर, सिंचन, वीज, जलवाहतूक एकत्र पाहण्याची. अकोसोंबोत खोरे पाहिले गेले ते विजेच्या तारेपुरते. नदीच्या मुखाशी बसलेली शिंपलेवाली त्या नकाशात नव्हती. तिला नकाशात घेण्याचा आग्रह धरणे हे आम्हांस बाबासाहेबांच्या विरुद्ध जाणे वाटत नाही.

आक्राच्या पश्चिमेला डेन्सू नदीचे मुख आहे. रामसर करारान्वये संरक्षित अशा घानाच्या पाच किनारी पाणथळींपैकी ही एक. येथे बोर्तियानोर, त्सोकोमे या गावांतील बायका कालवे काढतात. कालवे कमी होऊ लागली, कांदळवने जळणासाठी तोडली गेली, तेव्हा त्यांनी संघटना बांधली. दरवर्षी नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कालवे काढायची नाहीत, असे स्वतःच ठरवले. त्या महिन्यांत कांदळवनाची रोपे लावायची आणि घरखर्चासाठी दुसरे काम शोधायचे. पुढे सरकारने त्यांच्या व्यवस्थापन आराखड्याला मान्यता दिली आणि त्या पाण्याच्या वापराचा हक्क त्यांच्या संघटनेकडे सोपवला. कुणाच्या परवानगीने पाण्यात उतरायचे, हा प्रश्न चवदार तळ्यापासून आमच्या पाठीशी आहे. डेन्सूच्या बायकांनी त्याला पुढचा प्रश्न जोडला आहे: उतरण्याचा हक्क मिळाल्यावर पाणी राखायचे कसे.

कांतामांतोला 2025 च्या पहिल्याच रात्री आग लागली आणि बाजाराचा बहुतांश भाग भस्मसात झाला. काही महिन्यांत व्यापाऱ्यांनी तो पुन्हा उभा केला. गासड्यांची जहाजे थांबली नव्हती.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजा रागावला. श्रमणाला इतकी वस्त्रे कशाला? दुकान मांडायचे आहे काय? त्याने आनंदाला विचारले, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद म्हणाला, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. आणि ती जीर्ण चीवरे? त्यांच्या पलंगावरच्या चादरी करू. जुन्या चादरी? गादीच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवरची अंथरुणे. ती जुनी झाल्यावर? पायपुसणी. मग? धूळ झटकण्याची फडकी. आणि ती फडकीही जीर्ण झाली तर ती कुटून, चिखलात मळून, जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. पांसुकूल, म्हणजे उकिरड्यावरचे, स्मशानातले टाकलेले कापड, भिक्खू स्वतःहून उचलीत. ते त्यांच्यावर कुणी लादलेले नव्हते.

आनंदाची चीवरे सुती होती, ती मातीत मिसळली. गेल्या आठवड्यात पिशवी बाहेर ठेवण्यापूर्वी आम्ही ती जमिनीवर उलटी केली. एकवीस कपडे निघाले. त्यांपैकी पंधरा पॉलिएस्टरचे, चार तर वर्षभरापूर्वीच घेतलेले. दोन सदऱ्यांना बटणे लावली, मुलांच्या तीन पँटी विहारात येणाऱ्या एका कुटुंबाला विचारून दिल्या, आणि सुती चादरीची पायपुसणी केली. उरलेले पंधरा कपडे अजून जिन्याखाली आहेत. त्यांचे काय करावे, यावर घरात एकमत झालेले नाही.